पऱ्याकाठचा तास : नववीच्या विज्ञान वर्गाच्या प्रकल्प नोंदी

ठिकाण : रत्नागिरी जिल्हा, सड्याच्या (जांभ्याच्या उघड्या कातळपठाराच्या) पायथ्याची वाडी आणि तिच्याजवळचा पऱ्या, म्हणजे लहान ओढा. वर्ग नववी, ४४ विद्यार्थी. सोबत विज्ञान शिक्षक, भूगोलाच्या बाई, प्रयोगशाळा परिचर आणि आळीपाळीने एक पालक. नोंदी अशा ठेवल्या आहेत की पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणी वर्ग घेतला तरी काम अडू नये. चुकलेली मोजमापं खोडलेली नाहीत, शेजारी कारण लिहिलं आहे.

१७ जून

जागा ठरवली. वरच्या अंगाचा कोंड (खोल डोह) दिसायला सुंदर, पण तळ लागत नाही आणि कातळ शेवाळलेला. तो बाद. साकवापासून (पऱ्यावरच्या लहान पुलापासून) खाली ४० मीटरचा पट्टा घेतला. शाळेपासून चालत ८ मिनिटं, एका बाजूला गडगा (रचलेल्या दगडांचा बांध), दुसऱ्या बाजूला भातखाचरं.

वेळेचा हिशेब आधी मांडला. शनिवारी सकाळची शाळा, शेवटच्या दोन तासिका जोडून ७० मिनिटं मिळतात. जाण्यायेण्यात १६, मुलं मोजणं आणि हातपाय धुणं यात १०. कामाला राहतात ४४ मिनिटं. एवढ्यात एकच मोजमाप नीट होतं. दोन ठरवली की दोन्ही अर्धवट राहतात, म्हणून एका फेरीला एकच काम.

पर्यावरण शिक्षण सर्व पातळ्यांवर सक्तीचं करा, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच दिला. शाळांतून तो बहुतेक वेळा वर्षाची एक सहल आणि एक फाईल एवढाच उरतो. आमचं म्हणणं साधं आहे : सहल नको, फेरी हवी. तीच जागा, तेच ४० मीटर, वर्षात निदान २० वेळा. पहिल्या फेरीत मुलांना फक्त पाणी दिसतं. पाचव्या फेरीला मागच्या वेळेपेक्षा काय बदललं ते दिसू लागतं, आणि प्रश्न तिथून सुरू होतात.

तीन ठाणी : वरचं (साकव), मधलं (धुण्याचा दगड), खालचं (उंबराखाली). खुणा कातळावर ऑइल पेंटने केल्या. खुंट्या ठोकू नयेत, पहिल्याच पुरात जातात.

२२ जून

आज फक्त नियम, आणि ते पऱ्यावर उभं राहूनच सांगितले.

साकवाच्या खांबावर लाल रेघ मारली आहे. पाणी रेघेवर असेल तर गडग्यापलीकडे कुणीही नाही, शिक्षकसुद्धा नाही. रेघेखाली असलं तरी सप्टेंबरअखेरपर्यंत पाण्यात उतरायचं नाही. आपल्याकडे ऊन असताना सड्यावर पाऊस कोसळतो आणि पऱ्या दहा मिनिटांत चढतो. पाणी अचानक गढूळलं किंवा काटक्या वाहून येऊ लागल्या की तीच सूचना समजायची.

एक लांब शिट्टी म्हणजे जागच्या जागी थांबा, तीन छोट्या म्हणजे गोळा व्हा. ११ मुलांमागे एक मोठं माणूस. गट चौघांचा : एक मोजणार, एक सांगणार, एक लिहिणार, एक फक्त पाणी आणि माणसं बघणार. ही चौथी जबाबदारी दर आठवड्याला फिरती.

पायाला जखम असेल तर पाण्याजवळ नाही, लिहिण्याचं काम. लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून जखमेवाटे होणारा ताप) धोका आपल्या भागात खरा आहे. परतल्यावर साबणाने हातपाय धुणं प्रकल्पाचाच भाग.

सड्यावर हाताने दगड उचलायचा नाही. जांभ्याच्या सपाट दगडाखाली फुरसं असतं. जेमतेम हातभर लांबीचं, मातीच्या रंगाचं, हललं नाही तर दिसत नाही. दंश झालाच तर बांधणं, कापणं, चोखणं काही नाही. पाय हलू न देता थेट रुग्णालय. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच प्रतिविष चालतं, त्यामुळे साप मारून सोबत नेण्यात वेळ घालवू नये. जवळच्या कोणत्या रुग्णालयात प्रतिविष आहे ते फोन करून विचारलं आणि नंबर पेटीच्या झाकणावर चिकटवला. हे दर तीन महिन्यांनी पुन्हा विचारायचं, साठा संपलेला असू शकतो.

पालकांच्या संमतिपत्रात चार ओळी वाढवल्या : पोहता येतं का, गांधीलमाशीची ॲलर्जी आहे का, दम्याचा पंप आहे का, सध्या जखम आहे का.

२४ जून

पर्जन्यमापक केला. साहित्य : १०.५ सेंमी व्यासाचं प्लॅस्टिकचं नरसाळं, ५ लिटरचा तेलाचा कॅन, नरसाळ्याच्या मानेत बसेल असा जाळीचा तुकडा, १०० आणि ५०० मिलीची मोजपात्रं.

कोल्ड्रिंकची बाटली कापून करायचा प्रकार बहुतेक पुस्तकांत असतो. इथे तो दोन कारणांनी फसतो. बाटलीचा तळ खोलगट आणि अंगाला वळणं, त्यामुळे बाहेरून चिकटवलेली पट्टी खोटं सांगते. शिवाय २ लिटरची बाटली आपल्या एका मोठ्या रात्रीला पुरत नाही. कॅनमध्ये ५०० मिमीपेक्षा जास्त पाऊस मावतो.

हिशेब : नरसाळ्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ ८६.६ चौ. सेंमी, म्हणजे १ मिमी पाऊस = ८.६६ मिली पाणी. जमलेलं पाणी मोजायचं, ८.६६ ने भागायचं. अर्ध्या वर्गाने आधी व्यासानेच भागलं. मग फळ्यावर १ सेंमी बाजूचा चौकोनी डबा काढला, त्यात १ मिमी पाणी म्हणजे ०.१ मिली, आणि असे ८६.६ डबे शेजारी शेजारी. तेव्हा उलगडलं.

नरसाळ्याची कड जमिनीपासून ३० सेंमी. भिंत, झाड किंवा छप्पर जितकं उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर. वेळ सकाळी साडेआठ, हवामान खात्याचीही तीच, म्हणजे जिल्ह्याच्या आकड्याशी ताडता येतं. शाळा साडेदहाला भरते, म्हणून मोजायचं काम शेजारच्या वाडीतल्या दोघांकडे. रविवारीही.

२९ जून

वळगण. खाचरातून पऱ्यात येणाऱ्या धारेत मासे उलटे चढत होते. ठरलेलं काम, झाडांना क्रमांक देणं, बाजूला ठेवलं. हे दोन-चार दिवसच दिसतं.

चढणीचे मासे मुलांना पकडण्यापुरते चांगले माहीत आहेत. आज फक्त बघायचे होते. गडग्यावर बसून १० मिनिटांत एका ३० सेंमीच्या पायरीवरून किती उड्या आणि किती यशस्वी, ते मोजलं. ६१ उड्या, १४ यशस्वी. मासे वाहत्या धारेच्या मध्यातून उडी मारत नाहीत. कडेला, जिथे पाणी दगडावर आपटून उलटं फिरतं, तिथे क्षणभर थांबून मारतात. हे तिसऱ्या गटातल्या मुलीने ओळखलं आणि बाकीच्यांनी पुढच्या पाच मिनिटांत पडताळलं.

चढतात ते अंडी घालायला. खाचरातलं नवं पाणी उथळ, कोमट, शेवाळ आणि बारीक किड्यांनी भरलेलं, मोठा शिकारी मासा तिथे पोचत नाही. पिल्लांना याहून बरी जागा नाही. वळगणीला वाटेत आडवं जाळं लावून सगळेच उचलले तर पुढच्या वर्षी कोण चढणार, हा प्रश्न मुलांकडूनच आला. उत्तर वहीत मोकळं ठेवलं आहे, घरी विचारून भरायचं.

१३ जुलै

पर्जन्यमापकात गोंधळ. चुकून दुसरा संच शाळेच्या फरशीवर ठेवला गेला होता. गवतातल्याने १,२१० मिली म्हणजे १४० मिमी दाखवले, फरशीवरच्याने १५८. फरशीवर आपटलेले थेंब उडून नरसाळ्यात पडतात. दुसरा संच मुद्दाम आठवडाभर तिथेच राहू दिला. सातही दिवस तो जास्तच दाखवत होता, जोराच्या पावसात फरक मोठा, रिपरिपीत जवळजवळ नाही.

एका दिवशी कॅनमध्ये पाणीच कमी. जाळीवर आंब्याचं पान बसलं होतं. त्या दिवसाचा आकडा गाळला, अंदाजाने भरला नाही. तक्त्यात ‘पान अडकलं’ असंच लिहिलं.

२७ जुलै

पाण्याचा गढूळपणा. ४ सेंमी व्यासाची, ६० सेंमी लांबीची पारदर्शक ॲक्रिलिक नळी, खाली घट्ट टोपण, आत तळाशी काळी-पांढरी चार पाकळ्यांची चकती, बाहेरून सेंमीची पट्टी. नळी पाण्याने भरायची, वरून बघत तळाच्या चिमट्यातून हळूहळू पाणी सोडायचं, चकती पहिल्यांदा दिसली की उंची वाचायची. सावलीत. जुनी ट्यूबलाइट फोडून नळी करण्याची युक्ती काही जण सांगतात, ती कदापि करू नये, आत पारा असतो.

पाणी साकवावरून डबा सोडून घेतलं. दोरी ५ मीटर, कठड्याला बांधलेली. मनगटाला कधीच नाही.

पहिल्या वाचनात गटागटांत दुपटीचा फरक आला. डबा भरून ठेवला आणि गप्पा झाल्या की गाळ तळाशी बसतो, मग वरचं निवळ पाणी नळीत जातं. डबा हलवून लगेच भरायचा. तसं केल्यावर फरक २ सेंमीच्या आत आला.

वरचं ठाणं ३१ सेंमी, खालचं ७. मध्ये फक्त एक गोष्ट : उतारावर नव्याने कापलेल्या रस्त्याचं पाणी पाणंदीतून पऱ्याला मिळतं. तांबडी माती सगळी तिथून. तीन दिवस उघडीप मिळाल्यावर वरच्या ठाण्याची चकती नळी पूर्ण भरली तरी दिसत होती. ते ‘६० पेक्षा जास्त’ असं लिहायचं, ‘६०’ नाही. या दोन्हींत फरक काय, यावर अर्धा तास गेला, आणि तो सत्कारणी लागला.

१० ऑगस्ट

बाहेर रेघेवर पाणी. सड्यावरची रोपं मोजायला वर्गात चौकटी केल्या. अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपचे ४ तुकडे, ४ एल्बो. आतलं माप ५० × ५० सेंमी हवं. पाइप ५० चाच कापला तर एल्बोमुळे आतलं माप वाढतं, म्हणून एक चौकट जोडून, आतून मोजून, मग बाकीचे तुकडे कापावे. दर १० सेंमीवर भोक पाडून नायलॉनची दोरी ओवली, २५ घरं झाली. एल्बो चिकटवले नाहीत, चौकट सोडून पिशवीत जाते.

२४ ऑगस्ट

सडा. वाट १५ मिनिटांची, म्हणून आज तीन तासिका मागून घेतल्या. वर वीज चमकण्याची चिन्हं असतील तर जायचंच नाही. सड्यावर माणूस हीच सगळ्यात उंच वस्तू असते. चमक आणि गडगडाट यांत ३० सेकंदांहून कमी अंतर असलं की खाली उतरायचं, शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं वर नाही.

चालायचं उघड्या कातळावरूनच, एका ओळीत. एका वर्गाची ८८ पावलं गवतफुलांच्या ताटव्यातून दोनदा गेली की तिथे मोजण्यासारखं काही राहत नाही. आपल्या भागातल्या सड्यांवर कातळशिल्पंही आहेत, पाय टाकण्याआधी कातळावरच्या खोदीव रेषा बघाव्या.

२० मीटरच्या दोन दोऱ्या काटकोनात टाकल्या, १ ते २० च्या चिठ्ठ्या दोनदा उचलल्या, जिथे आकडे मिळतील तिथे चौकट. ‘फेकून पडेल तिथे’ ही पद्धत सोडली. फेकणारा नकळत फुलांकडेच फेकतो. दोन वेळा कोऱ्या कातळावर चौकट आली, मुलं नाराज झाली, पण शून्य हीसुद्धा नोंद आहे.

मातीची खोली सायकलच्या चाकाच्या तारेने, दर चौकटीत ५ ठिकाणी. १२ चौकटींचा सारांश : माती २ सेंमीपर्यंत असेल तिथे पांढरा गेंद आणि जांभळी सीतेची आसवं. ५ सेंमीच्या पुढे गवत आणि तेरडा. मधल्या मापाला दोन्हींची सरमिसळ. पांढरी आणि जांभळी चादर लांबून एकसारखी पसरलेली वाटते, प्रत्यक्षात ती मातीच्या खोलीचा नकाशा आहे.

सीतेच्या आसवांचं एकच रोप चमचाभर चिखलासकट उचललं, पांढऱ्या झाकणात पाणी घालून हलकेच धुतलं. घाई केली तर तंतू तुटून चिखलात राहतात. १० पट भिंगाखाली तंतूंना लागलेल्या फुग्या दिसल्या, मोहरीच्या दाण्याहून लहान, फिकट हिरव्या, तोंडाशी दोन केस. झाड फुगीतलं पाणी बाहेर काढतं, भिंती आत खेचलेल्या राहतात. केसाला किडा लागला की दार उघडतं आणि पाण्यासकट किडा आत ओढला जातो, सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास. चारपैकी एका फुगीत काळा ठिपका होता. या मातीत नत्र नाहीच जवळजवळ, तो असा मिळवायचा. ‘वनस्पतींचं पोषण’ हा धडा वर्गात शिकवून झाला होता. आज पाळी धरून एकेकाने भिंगाला डोळा लावला, आणि कुणीही दुसऱ्याला घाई केली नाही.

रोप परत त्याच जागी लावलं. नमुना म्हणून काहीही खाली आणायचं नाही.

२१ सप्टेंबर

त्याच १२ चौकटी. गेंद सुकायला लागला, तेरडा ओसरला. दोन चौकटी सापडल्याच नाहीत, कातळावरची खूण शेवाळाखाली गेली होती. पुढच्या वेळी कोपऱ्यात खडूऐवजी रंग लावायचा.

५ ऑक्टोबर

पहिल्यांदा पाण्यात. गुडघ्याखाली पाणी, तळ दिसतो. प्रवाह मोजला.

१० मीटर सरळ पट्टा, दोन्ही टोकांना दोरी आडवी. तरंगणारी वस्तू म्हणून लिंबू. थर्माकोल किंवा बूच वाऱ्याने पुढेमागे होतं. लिंबू जवळजवळ बुडालेलं राहतं, वारा लागत नाही, रंगामुळे दिसतं आणि हरवलं तरी कचरा नाही. लिंबू दोरीच्या २ मीटर वरून सोडायचं, म्हणजे रेघेवर येईपर्यंत ते प्रवाहाच्या वेगाला लागतं.

वेळा : १८.४, १९.१, २५.६, १८.८, १९.३ सेकंद. तिसऱ्या वेळी लिंबू उंबराच्या मुळात अडकलं, ती वेळ सरासरीतून वगळली. सरासरी १८.९, वेग ०.५३ मीटर प्रति सेकंद. पृष्ठभाग तळापेक्षा वेगाने वाहतो, दगडगोट्यांच्या तळासाठी ०.८ ने गुणायचं, म्हणजे ०.४२.

रुंदी २.४ मीटर. दर ४० सेंमीवर खोली : ९, १६, २१, १८, ११ सेंमी, दोन्ही काठांना शून्य. बेरीज ७५ सेंमी, गुणिले ०.४ मीटर, छेद ०.३० चौ. मीटर. प्रवाह सेकंदाला सुमारे १२७ लिटर.

चूक होते ती खोली मोजताना. पट्टीची रुंद बाजू प्रवाहासमोर धरली की पाणी तिच्यावर चढतं आणि खोली २-३ सेंमी जास्त वाचली जाते. पट्टी कडेने धरायची.

१९ ऑक्टोबर

पाण्यातले कीटक, पहिली फेरी. चहाची नव्हे, पीठ चाळायची मोठी चाळण, तीन पांढरी घमेली, चमचे, रंगाचा मऊ ब्रश. चाळण प्रवाहाच्या खालच्या अंगाला धरायची, तिच्या पुढचा फूटभर तळ पायाने एक मिनिट ढवळायचा. प्रत्येक ठाण्यावर तीन जागी. घमेल्यात दोन बोटं पाणी आणि सावली. उन्हात ठेवलेल्या घमेल्यातले किडे दहा मिनिटांत मरतात, आणि मरतात ते नेमके स्वच्छ पाणी लागणारे, त्यांना प्राणवायू जास्त लागतो.

ओळख : तीन शेपट्या आणि पोटाच्या कडेला हलणारे कल्ले म्हणजे मेफ्लायची अळी. दोन शेपट्या आणि कल्ले पोटावर नाहीत, ती स्टोनफ्लाय. वाळूच्या कणांची नळी अंगावर घेऊन चालते ती कॅडिसफ्लाय. आखूड, जाड, जबडा पुढे फेकणारी चतुराची. शेवटाला तीन पानं असलेली टाचणीची, म्हणजे बारीक अंगाच्या चतुराची. तांबडी वळवळणारी अळी तांबडी आहे ती हिमोग्लोबिनमुळे, म्हणून ती कमी प्राणवायूतही तग धरते.

आज गडबड गणनेत नाही, नावांत झाली. टाचणीच्या अळीलाही तीनच पानं, चार गटांनी तिला मेफ्लाय लिहिलं. पोटाच्या कडेला कल्ले आहेत का, हे आधी बघायचं. आजचे आकडे वापरायचे नाहीत.

९ नोव्हेंबर

राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्ली आणि डॉ. सालिम अली यांच्या जन्मदिवसांच्या मधला. एकच मोजणी, १५ मिनिटं, साकवावर उभं राहून. दुर्बिणी दोनच, म्हणून आधी आवाज लिहायचे, मग बघायचं. १३ जाती. खंड्या तिन्ही ठाण्यांवर.

२३ नोव्हेंबर

वनराई बंधारा, खालच्या ठाण्याखाली १५ मीटरवर. ग्रामपंचायतीची परवानगी, खालच्या खाचरवाल्यांशी आधी बोलणं.

पात्र ४ मीटर, उंची पाऊण मीटर. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, दोन तृतीयांश भरलेल्या. गच्च भरल्या तर एकमेकींवर बसत नाहीत, फटी राहतात. भरलेली गोणी साधारण ६० × ४० × १५ सेंमी होते. एका ओळीला १०. खालचे दोन थर दुहेरी म्हणजे ४०, वरचे तीन एकेरी म्हणजे ३०, काठांना जोडायला १०. एकूण ८०. विटांसारखे सांधे मोडत रचायचं, मध्यभाग एक गोणी खाली, पाणी तिथूनच वाहिलं पाहिजे. काठावरून वाहिलं तर काठ कापतं. खताची गोणी घ्यावीच लागली तर दोनदा धुऊन, नाहीतर पाण्यात शेवाळ माजतं.

तळाशी २ इंची पाइप आडवा टाकला, कायम उघडा. बंधारा म्हणजे खालच्या पऱ्याचं पाणी अडवणं, हे विसरलं जातं. वर माणसांना पाणी आणि खाली कुर्ल्या कोरड्यात, असं करायचं नाही.

३० नोव्हेंबर

पाणी साठलंच नाही. गोण्यांखालून सरळ जात होतं, रंग सोडून पाहिल्यावर दिसलं. तळाची रेती-गोटे न काढता पहिला थर टाकला होता. मधला भाग उचलला, २० सेंमी खणून कातळ लागेपर्यंत गेलो, पहिला थर रेतीऐवजी चिकणमातीच्या गोण्यांचा घातला, आतल्या अंगाला भाताचा पेंढा आणि माती चोपली. संध्याकाळपर्यंत ३५ सेंमी चढलं.

बंधाऱ्याने वरचा वेग बदलला, म्हणून लिंबाची पद्धत बंद. आता पाइपाखाली १० लिटरची बादली : ४.२ सेकंदांत भरली, सेकंदाला २.४ लिटर. हा आकडा आणि ऑक्टोबरचा १२७ एकाच आलेखावर जोडायचे नाहीत, रीत वेगळी आहे, आणि पाइपाबाहेरून झिरपणारं पाणी यात येत नाही.

१४ डिसेंबर

धुण्याचा दगड. वर ४० मीटर, खाली ५ मीटर, खाली ५० मीटर. स्वच्छ पाण्याच्या जातीला ३, मधल्या जातीला २, काहीही सोसणाऱ्या जातीला १ गुण. गुण जातींना, संख्येला नाही. वर २२, लगेच खाली ५, पुढे ११. अशा गुणांचे तयार तक्ते दुसऱ्या देशांतल्या ओढ्यांवरून आले आहेत, म्हणून ‘चांगलं’, ‘वाईट’ अशी प्रमाणपत्रं द्यायची नाहीत. आपल्याच तीन जागांची आपापसात तुलना, एवढंच.

निकाल ठळक होता, तरी तो तसाच स्वीकारला नाही. दगडाखालचा तळ गुळगुळीत कातळ आहे, वरचा गोट्यांचा. किडे कमी आहेत ते साबणामुळे की लपायला जागा नाही म्हणून? यावर उपाय केला : मुठीएवढे जांभ्याचे ८ तुकडे कांद्याच्या जाळीत भरून प्रत्येक जागी एक जाळी दोरीने बांधून सोडली. तीन आठवड्यांनी काढायच्या. आता तिन्हीकडे घर सारखं.

धुणं धुणाऱ्या मावशींना घमेली दाखवली. आधी त्यांनाच दाखवायची होती, इतर कुणाला नाही. एकीने नळीतली अळी बघून विचारलं, “ह्यो वाळू खातो काय?” तिला उत्तर मुलांनी दिलं.

४ जानेवारी

जाळ्या काढल्या. पाण्यातून उचलण्याआधी खाली चाळण धरायची, उचलताना निम्मे किडे सुटतात. एक जाळी खेकड्याने फाडली, तिच्यातले तुकडे जागेवरच होते म्हणून धरली. गुण १९, ९, १३. म्हणजे पहिल्या निकालातला काही फरक तळाचा होता, पण सगळा नाही. साबणाचा भाग उरतोच.

११ जानेवारी

१२ झाडं, क्रमांकाची पत्र्याची चकती सैल तारेने, खिळा नाही. दर शुक्रवारी पालवी, कळ्या, फुलं, कच्ची फळं, पिकली फळं : ‘नाही’, ‘थोडी’, ‘भरपूर’. आंबा क्रमांक ४ ला दोन गटांनी एकाच दिवशी ‘थोडा’ आणि ‘भरपूर’ मोहर लिहिला. एक गट उन्हाच्या बाजूला उभा होता. आता झाडाला पूर्ण फेरी मारूनच लिहायचं, एक तृतीयांशापेक्षा जास्त फांद्यांवर असेल तर ‘भरपूर’.

२७ जानेवारी

कालच्या ग्रामसभेत तीन तक्ते मांडले. मुलींनी बोलून दाखवलं, शिक्षक मागे बसले. मागणी एकच : धुण्याचा कट्टा पऱ्यापासून १० मीटर आत, पाइपने पाणी, सांडपाणी माडांच्या आळ्यांत. शोषखड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला नको, जांभ्याच्या भेगांतून पाणी झिरपतं. निर्णय पुढच्या सभेवर. मावशींपैकी दोघी मागणीच्या बाजूने बोलल्या. कपडे वाळत घालायची दोरी कुठे, हा त्यांचा प्रश्न आमच्या आराखड्यात नव्हता. घातला.

२००२ च्या जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीने लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. सड्याच्या १२ चौकटी, पक्षी आणि माशांची स्थानिक नावं समितीला लिहून दिली. सीतेच्या आसवांची नेमकी जागा मात्र दिली नाही.

१५ फेब्रुवारी

फेब्रुवारीतल्या चार दिवसांच्या पक्षीगणनेत साकवावरून दोन याद्या. १६ जाती.

१ मार्च

भाजावळीचे, म्हणजे खाचरात पालापाचोळा जाळून जमीन भाजायचे, दिवस. जमीन पाणी किती वेगाने पिते, ते मोजलं. १५ सेंमी व्यासाचा, दोन्ही बाजूंनी उघडा डबा फळी ठेवून हातोडीने ४ सेंमी आत ठोकायचा. ४५० मिली ओतायचं, म्हणजे २.५ सेंमी पाऊस. पहिलं ओतणं कोरड्या मातीला भिजवण्यात जातं, वेळ दुसऱ्याची धरायची. डब्याच्या बाहेर ओल दिसली तर वाचन बाद.

फणसाखाली, पाल्यात : १ मिनिट ५० सेकंद. न भाजलेलं खाचर : ३ मिनिटं ४५. भाजलेलं : ६ मिनिटं २०. शाळेचं मैदान : ४० मिनिटांनी थांबवलं, निम्मं पाणी तसंच. प्रत्येक जागी एकच वाचन आहे, भाजावळीवर बोट ठेवायला हे पुरेसं नाही. मैदानाबद्दल मात्र शंका नाही. त्याच्या उताराच्या कडेला चर काढायचं काम आठवीला दिलं.

२२ मार्च

पाइप थेंबथेंब. वरच्या ठाण्याचा कातळ कोरडा, खालच्या डबक्यात ६ सेंमी पाणी आणि बोटभर माशांची पिल्लं. बंधाऱ्याआड २० सेंमी पाणी टिकून आहे.

पाऊस येण्याआधीची कामं : गोण्या १५ मेपर्यंत काढायच्या. उन्हाने त्यांचे धागे सुटले आहेत, एक पाऊस लागला तर प्लॅस्टिकचा चुरा सरळ खाडीत. माती तिथेच काठावर, गोण्या मोजून परत, ८० च्या ८०. खांबावरची लाल रेघ पुराने पुसली आहे, ती पुन्हा मारायची. प्रतिविषाचा फोन. नरसाळं, कॅन आणि मोजपात्रं वाडीतल्या आठवीच्या दोघींकडे दिली, वाचन कसं घ्यायचं ते नववीच्या दोघांनी त्यांना तीन सकाळी शिकवलं. पहिली नोंद १ जूनला, सकाळी साडेआठला.